शब्द कोठें संपतो?

शब्द कोठें संपतो, हा प्रश्न आम्ही व्याकरणाच्या तासास पुष्कळ वेळां घातला आहे. तोच प्रश्न संगणकानें आम्हांस घातला, तेव्हां मात्र आमची फजिती झाली.

गेल्या वर्षीं या वार्षिकासाठीं आलेले निबंध आम्ही इयत्तावार फोल्डरांत लावीत होतों. संगणकास हुकूम देण्याची आमची रीत जुनी, म्हणजे शेलमध्यें एकेक ओळ टंकून. आठवीच्या निबंधांची एक नक्कल ‘आठवी-तपासणी’ या फोल्डरांत ठेविली; दुसरी ‘आठवी-छपाई’ यांत ठेवावयाची होती. मागची ओळ परत आणून शेवटचें नांव तेवढें खोडावें म्हणून कंट्रोल व डब्ल्यू या कळा एकदम दाबल्या. तों काय, त्या नांवाबरोबर फोल्डराचा सगळा पत्ताच नाहींसा झाला! घाईंत तो पुन्हां टंकला आणि आठवीच्या जागीं नववी लिहून बसलों. फाइलींस नांवें हजेरीच्या क्रमांकांचीं. त्यामुळें आठवीचे निबंध नववीच्या निबंधांवर जाऊन बसले. नववीच्या मुलांनीं ते शाळेंतच टंकले होते. दुसरी प्रत कोठेंच नव्हती.

एका मुलीनें आपला निबंध आठवून पुन्हां लिहून आणला. “सर, पहिला याहून बरा होता,” एवढेंच ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मग कारण शोधूं लागलों. झेडशेलचा ओळ-संपादक अक्षरें व अंक यांखेरीज ‘वर्डचार्स’ नांवाच्या यादींतील चिन्हेंही शब्दाचाच भाग मानतो, आणि त्या यादींत मुळांतच तिरपी रेघ, टिंब व संयोगचिन्ह असतात. म्हणून तिरप्या रेघांनीं जोडलेला पांच फोल्डरांचा पत्ता त्याच्या लेखीं एकच शब्द! बॅशमध्येंही या कळा मागील मोकळ्या जागेपर्यंत सर्व खोडतात. तेथें आल्ट व बॅकस्पेस दाबावें, म्हणजे वाटेंतील चिन्हापाशीं खोडणें थांबतें. मोडी लिहिणारे शब्दांमध्यें जागा सोडीत नसत. शब्द तोडण्याचें काम वाचणाराकडे असे. यंत्रास तें आधींच सांगून ठेवावें लागतें.

आम्ही शेलच्या आरंभींच्या फाइलींत ती यादी तिरपी रेघ वगळून पुन्हां लिहिली. संयोगचिन्ह राहूं दिलें, नाहींतर ‘आठवी-छपाई’चे दोन तुकडे झाले असते. आतां एका वेळीं एकच नांव जातें. (खोडलेलें कंट्रोल व वाय यांनीं परत येतें, हें त्या दिवशीं ठाऊक असतें तर!)

ती मुलगी आतां दहावींत आहे. या अंकासाठीं तिनें निबंध दिला, तो आम्ही प्रथम कागदावर छापून घेतला.