राजगृह मुलांना कसे दाखवावे?

बाबासाहेबांचा फोटो नाही असे घर आपल्या समाजात शोधून सापडणार नाही. पत्र्याची खोली असो की चाळीतली, भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर असतेच. मुलाला बोलता येऊ लागले की 'जयभीम' म्हणायला शिकवले जाते. हे सारे चांगलेच आहे. पण ज्यांचा फोटो आपल्या घरात आहे, त्यांचे घर आपल्या मुलांनी किती पाहिले आहे? ६ डिसेंबरला दादरला येणारी माणसे चैत्यभूमीच्या रांगेतून पुढे राजगृहाच्या रांगेत उभी राहतात. मोठी माणसे माथा टेकतात आणि डोळे पुसतात. लहान मुलांना मात्र समोरच्या माणसाची पाठ आणि फुले एवढेच दिसते. घरी आल्यावर काय पाहिले असे विचारले तर 'खूप गर्दी होती' असे उत्तर मिळते.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी आम्ही चौघे-पाचजण मिळून बालवर्ग चालवतो. तिसरीपासून दहावीपर्यंतची वीस-बावीस मुले येतात. यंदा आम्ही ठरवले की मुलांना राजगृह दाखवायचे, पण गर्दीचे दिवस सोडून, आणि तेही नुसते दर्शनाला नाही तर अभ्यासाला. प्रत्येकाकडे वही, पेन्सिल आणि सुतळीचा तुकडा असेल असे सांगितले.

सुतळीचे नाव काढताच वस्तीतले एक आजोबा नाराज झाले. त्यांनी ऐंशी पार केली आहे. ते म्हणाले, "बाबांच्या घरी काय मोजमाप करायला जाता? तिथे हात जोडायचे असतात." आम्ही म्हटले, "आजोबा, हात तर जोडूच. पण बाबासाहेबांनी आयुष्यभर पुराव्याशिवाय एक वाक्य लिहिले नाही. त्यांच्या घरी मुले प्रश्न घेऊन गेली तर त्यांचा अपमान कसा होईल?" आजोबांना ते पटले असे दिसले नाही, पण त्यांनी अडवलेही नाही.

पहिला रविवार आम्ही राजगृहाला न जाताच घालवला. सुतळी दिली ती मुलांना स्वतःचे घर मोजायला. घर किती फूट लांब, किती फूट रुंद, त्यात माणसे किती आणि 'मी अभ्यास कुठे करतो' ती जागा चित्रात दाखवायची. पुढच्या रविवारी चित्रे आली. कुणी मोरीच्या कट्ट्याजवळ बसतो, कुणी खाटेवर, कुणी जिन्याखाली, कुणी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. नववीतल्या एका मुलीने घर नीट काढले होते. गॅस, कपाट, टीव्ही, पाण्याचे पिंप, सगळे जागच्या जागी होते. अभ्यासाची जागा मात्र तिने काढलीच नव्हती. खाली लिहिले होते, 'सगळे झोपल्यावर.'

त्या दिवशी मुलांना बाबासाहेबांच्या परळच्या खोलीची हकीगत सांगितली. सुभेदार रामजी मुंबईला आले तेव्हा डबक चाळीत त्यांना एकच खोली मिळाली होती. तीच चूल, तेच सामान, तोच अभ्यास. आडवे व्हायलाही पुरेशी जागा नव्हती. रामजीबाबा भीमाला लवकर झोपवत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजता ते भीमाला उठवून अभ्यासाला बसवत आणि त्याच्या जागेवर आपण झोपत. एका माणसाची झोप दुसऱ्याच्या अभ्यासाला जागा करून देत होती. हे ऐकताना मुले एकदम गप्प झाली. बाबासाहेब थोर होते हे त्यांना ठाऊकच होते. पण त्यांच्या घरातही आपल्यासारखीच अडचण होती, हे त्यांना नवीन होते.

पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. परदेशातली शिक्षणाची वर्षे सोडली, तर १९१२ पासून राजगृहात जाईपर्यंतचा त्यांचा बराच काळ तिथे गेला. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस चाळीत राहत होता आणि तिथूनच महाडचा आणि गोलमेज परिषदेचा काळ त्यांनी काढला. छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला परळच्या चाळीत आले होते. मोठे काम करायला आधी मोठे घर लागते असे नाही, हे मुलांना इथे आपोआप कळले.

दुसऱ्या रविवारी विहारात कपडे वाळत घालायची दोरी बांधली. मुलांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर साले लिहून ती चिमट्यांनी दोरीला लावली. १८९१ जन्म. १९०७ मॅट्रिक. १९२७ महाड. १९३३ च्या सुमारास राजगृह बांधून तयार. १९३५ येवल्याची घोषणा. १९४९ संविधान. १९५६ नागपूरची दीक्षा. मग विचारले, "घराला राजगृह हे नाव का दिले असेल?" राजाचे घर म्हणून, असे बहुतेकांनी सांगितले. तेव्हा नकाशात बिहारमधले राजगीर दाखवले. मगधाची ती जुनी राजधानी, जिथे राजा बिंबिसाराने भगवान बुद्धाला वेळुवन दान दिले आणि जिथे पहिली संगीती भरली. पाचवीतला एक मुलगा दोरीजवळ जाऊन बोटांवर मोजू लागला आणि म्हणाला, "म्हणजे दीक्षेच्या तेवीस वर्षं आधीच घराला नाव दिलं होतं?" आम्ही हो म्हटले. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले होते, ती चिठ्ठीही मग मुलांनीच लिहून दोरीला लावली.

तिसऱ्या रविवारी सकाळच्या लोकलने दादर गाठले. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून खोदादाद सर्कलवरून हिंदू कॉलनीत जाईपर्यंत मुलांनी रस्त्यांची नावे लिहून घेतली. जवळचा मोठा रस्ता पूर्वी व्हिन्सेंट रोड होता आणि आता त्याला बाबासाहेबांचे नाव आहे, हे सांगताच ती पाटी शोधण्याची शर्यत लागली. राजगृह ही नुसती स्मारकाची इमारत नाही, ते राहते घर आहे, तेव्हा आवाज हळू ठेवायचा, हे आधीच बजावले होते. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे आहेत, तेवढाच भाग पाहायचा होता. मुलांनी आधी वंदन केले. मग प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर पाच मिनिटे उभे राहून वहीत टिपायची, असा नियम होता.

एकच वस्तू पाहायला सांगितली की मूल खरोखर पाहते, हा अनुभव आम्हाला त्या दिवशी आला. एकाने चष्मा निवडला आणि लिहिले, 'एवढं वाचल्यावर डोळे थकणारच.' एकीने काठी निवडली. तिला फोटोतले बाबासाहेब ताठ उभे दिसत होते, म्हणून काठी कशाला, असा प्रश्न पडला. तेव्हा शेवटच्या वर्षांतले त्यांचे मधुमेहाचे आणि पायांचे दुखणे सांगितले. ते दुखणे अंगावर घेऊनच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला, हेही सांगितले. एका लहानग्याने विचारले, "संविधान याच घरात लिहिलं का?" याचे उत्तर नाही असे आहे आणि ते तसेच द्यायला हवे. १९४२ पासून बाबासाहेब सरकारी कामासाठी दिल्लीत होते. मसुदा समितीचे काम १९४७ ते १९४९ या काळात तिथेच झाले. पण १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि जातिसंस्थेचा समूळ विचार मांडणारे ते न झालेले भाषण छापले, तेव्हा त्यांचे घर हेच होते. खोट्याने मोठेपण वाढवायची बाबासाहेबांना गरज नाही, हे मुलांना लहानपणीच कळावे.

रमाईबद्दल मुलींनी विचारले. दोरीवरच्या चिठ्ठ्या आठवून त्यांनीच हिशेब केला. घर झाले १९३३ च्या सुमारास, रमाई गेली २७ मे १९३५ रोजी, याच घरात. चार मुलांचे मरण पाहिलेल्या, चाळीतल्या संसारात जन्म काढलेल्या त्या माउलीला हे घर जेमतेम दोन वर्षे लाभले. दहावीतली एक मुलगी म्हणाली, "मग हे घर तिच्या कष्टाचं पण आहे ना?" आम्ही म्हटले, तसे वहीत लिही.

परतताना लोकलमध्ये पुस्तकांचे गणित घातले. बाबासाहेबांच्या संग्रहात पन्नास हजारांहून अधिक पुस्तके होती असे सांगतात. चारमिनार नावाची आपली दुसरी इमारत त्यांनी १९४१ साली विकली, पण राजगृह ठेवले. त्या घरात मानाची जागा पुस्तकांची होती. तर रोज एक पुस्तक वाचले तर पन्नास हजार पुस्तकांना किती वर्षे लागतील? मुलांनी गुडघ्यावर वही ठेवून भागाकार केला. उत्तर आले १३७ वर्षे. मग रोज एक पान तरी वाचू, असे त्यांचे त्यांनीच ठरवले.

मुलांच्या चित्रांचे आणि टिपणांचे प्रदर्शन आम्ही विहारात लावले. नाराज झालेले आजोबाही आले. राजगृह ते दादर चौपाटी हा नकाशा पाहून ते थांबले आणि ७ डिसेंबर १९५६ चा दिवस सांगू लागले. ते तेव्हा तेरा वर्षांचे होते. वडिलांचा हात धरून ते त्या अंत्ययात्रेत चालले होते. मुलांनी त्यांना खुर्ची दिली आणि प्रश्न विचारले. पायात चप्पल होती का? जेवला होता का? तुमचे वडील रडले का? आजोबांनी सगळ्याची उत्तरे दिली. पण सुतळीबद्दलचे मत काही त्यांनी बदलले नाही.

त्याच प्रदर्शनात नववीतल्या मुलीची आई आली. ती चार घरची धुणी-भांडी करते, नवरा हमालीला जातो. मुलीने काढलेले घर ती बराच वेळ पाहत राहिली. खालची ओळ तिने दुसऱ्याकडून वाचून घेतली. त्या आठवड्यात त्यांच्या खोलीत खिडकीजवळ एक फळी ठोकली गेली. रात्री आठ ते दहा टीव्ही बंद आणि मोठ्या भावाचा मोबाईलही बाहेर, असे वडिलांनी फर्मावले. भाऊ कुरकुरतो, पाहुणे आले की नियम मोडतो. पण फळी आहे, आणि फळीवर तिची पुस्तके आहेत. पुढच्या वर्षी ती दहावीला बसेल. निकाल काय लागेल तो लागो, आज तरी तिला सगळे झोपण्याची वाट पाहावी लागत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, दादर लांब असेल त्यांनी खंत करू नये. महाड, येवला, नागपूर, महू, आपल्या जवळ जे ठिकाण असेल तिथे मुलांना न्या. गर्दीचा दिवस टाळा. आधी दोन गोष्टी सांगून ठेवा, तिथे एकच गोष्ट नीट पाहू द्या, आणि मुलाने विचारलेला प्रश्न दाबू नका. उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून पुस्तकात शोधा. आणि घरी परतल्यावर एक काम जरूर करा. दोन हात लांबीची का होईना, मुलाच्या अभ्यासाची जागा आखून द्या. रामजीबाबांकडे तीही नव्हती, तेव्हा त्यांनी आपली झोप दिली. आपण निदान संध्याकाळचे दोन तास तरी देऊ शकतो.

जयभीम!