आमच्या परसांतील दुर्बीण

आमच्या घरीं १० इंच आरशाची दुर्बीण आहे. १९६८ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत पदपथावर लोकांस आकाश दाखविणारा संघ स्थापणाऱ्या जॉन डॉब्सन यांच्या धर्तीची तिची बैठक. दोहोंचें वजन सुमारें ३० किलो. बाबांच्या पाठींत उसण भरल्यापासून ती कोठींतच पडून होती. “शनीचीं कडीं मला केव्हां दाखवितां रे?” असें आजीनें विचारिलें, तेव्हां आम्ही भावंडें खजील झालों.

आम्हीं बैठकीस एका बाजूला दोन चाकें व दुसऱ्या बाजूला दोन लांब दांडे जोडले. पहिलीं चाकें लोखंडी होतीं; फरशीवरील धक्क्यांनीं आरसे ढळले व शनि फांकलेला दिसूं लागला. मग हवा भरलेलीं लहान चाकें लाविलीं. दांडे उचलले कीं भार चाकांवर येतो. खालीं ठेविले कीं बैठक आपल्या तीन पायांवर स्थिर होते. चाकांवर उभी राहिली तर चित्र थरथरतें.

त्या रात्रीं आजी बराच वेळ डोळा लावून उभी होती. नंतर म्हणाली, “शेजारच्या मुलांनाहि बोलवा.”

दुर्बिणीचें वजन रतिभरहि घटलें नाहीं. परंतु आतां ती शेजाऱ्यांच्या दारांपर्यंत जाते.