मृग भेटला तो वाळवंटात

वाचकहो, मृग तुम्ही डोळ्यांनी कधी पाहिला आहे काय? सात-आठ जूनला मृग निघतो आणि आपण बियाणे काढून आभाळाकडे डोळे लावतो. पण आभाळातला मृग कोणता, असे कुणी विचारले तर पंचांगाकडे बोट दाखवायची पाळी येते. मी शेतकीचा पदवीधर, तीस वर्षे गावोगाव पेरणीचे सल्ले देत हिंडलेला; माझीही तीच गत होती. मृग मला भेटला तो राजस्थानच्या वाळवंटात.

2022 च्या नाताळच्या सुट्टीत आई, सौ., धाकटा मुलगा आणि मी असे चौघे निघालो. खरे सांगायचे तर घरात तेव्हा धुसफूस होती. आमच्या माणदेशी रानात तिसरी बोअर कोरडी गेली होती. मुलगा म्हणे, कर्ज काढून चौथी मारू. मी नको म्हणत होतो, पण दुसरा उपायही सांगत नव्हतो. तो वाद आमच्याबरोबरच प्रवासाला आला.

रेल्वेने जोधपूर गाठले आणि तिथून भाड्याची जीप केली. जैसलमेर तिथून सुमारे 280 किलोमीटर. रस्त्याने शेतांतून खेजडीची झाडे दिसतात. ही आपली शमीच. तिचा पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांच्या भाजीला. म्हणून पिकातही तिला राखतात. जोधपूरजवळच्या खेजडली गावी 1730 साली ही झाडे वाचवताना 363 बिश्नोई माणसांनी प्राण दिले. हे ऐकून सौ. म्हणाली, "आणि आपण बांधावरची झाडं सावली पडते म्हणून तोडतो."

पुढे खेजडी विरळ झाली. खडकाळ माळ, खुरटी झुडपे, मधूनच उंटांचा कळप. या मुलखात वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस होत नाही. आमच्याकडे 500 च्या आसपास होतो, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो.

जैसलमेरच्या पुढे एका वळणावर ड्रायव्हरने जीप थांबवली. खाली हिरवेगार शिवार! गहू आणि हरभरा. मी विहीर शोधू लागलो; विहीर नव्हती, बोअर नव्हती, पाटही नव्हता. याला म्हणतात खडीन. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली ही रीत. उताराच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालायचा. शेताच्या दहा-पंधरा पट खडकाळ माळावरचे पाणी वाहत येऊन बांधाला अडते, बरोबर गाळही आणते. जादा पाणी सांडव्याने निघून जाते. पावसाळाभर पाणी जिरते आणि वाफसा आला की त्या ओलीवर रब्बी पेरतात.

मुलगा बांधावर बराच वेळ उभा होता. बोलला मात्र काही नाही.

रात्री आम्ही समच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, उतरलो. पर्यटकांच्या तंबूंचे दिवे आणि गाणी मागे राहिली होती. नुकतीच अमावास्या झालेली. चंद्रकोर लवकर मावळली. आणि आभाळ असे उघडले की आम्ही सारे गप्प झालो. हवा कोरडी, धूर नाही, दिवा नाही. गोधडी पांघरून बसलेली आई एकदम म्हणाली, "अरे, ते बघ तिकांडं! मामंजी त्याच्यावरनं मोटंची वेळ ओळखायचे. आपल्याकडं खांबावर दिवे आल्यापासून मला ते गावलंच नव्हतं."

पूर्वेला तीन तारे एका ओळीत, उभे. भोवती चार तारे म्हणजे मृगाचे पाय. तीन ताऱ्यांची ओळ खाली वाढवली की चकाकणारा व्याध. वर रोहिणी आणि तिच्याही वर कृत्तिकांचा पुंजका.

मुलाने विचारले, "आबा, मग जूनमध्ये हा का दिसत नाही?" हे मात्र मला सांगता आले. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो. मृग दिवसा त्याच्यासंगे उगवतो आणि मावळतो. उजेडात दिसणार कसा? दिसायचा तर हिवाळ्यात, रात्रभर.

ढाणीचा म्हातारा हिंदीत म्हणाला, "पाऊस देणं वरच्याच्या हाती. पडलेला थेंब धरणं आपल्या हाती." अंधारात मुलगा हळूच म्हणाला, "आबा, आपल्या माळाचं पाणी ओढ्याला जातं की."

परतल्यावर चौथी बोअर मारली नाही. वडिलांच्या वेळच्या फुटलेल्या ताली उन्हाळ्यात दुरुस्त केल्या आणि दगडी सांडवे बांधले. विहीर काही वर्षभर पुरत नाही. पण पूर्वी संक्रांतीला तळ दिसे, तो आता शिमग्यानंतर दिसतो. तेवढ्यात हरभरा घरी येतो.

बंधू-भगिनींनो, खडीन जशीच्या तशी आपल्याकडे आणू नका. काळ्या चिकण रानात पाणी तुंबले तर पीक पिवळे पडेल. आपला उतार, आपली माती पाहून बांध घाला आणि सांडवा विसरू नका.

आणि एक करा. थंडीच्या दिवसांत जेवणे झाली की अंगणातला दिवा मालवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेर बसवा आणि मुलांना तिकांडे दाखवायला सांगा. ज्याच्या भरवशावर आपण पेरतो, त्याची ओळख मुलांना असायला हवी.