दुसरा प्रतापगड

प्रतापगडाला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, "काय, महाबळेश्वरला थंडी कितपत होती?" त्यात त्याची चूक नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी जावळीच्या खोऱ्यातील त्या गडाखाली अफझलखान पडला, आणि तेव्हापासून महाराष्ट्राच्या मनात प्रतापगड एकच राहिला. परंतु वाचकहो, आपल्याच महाराष्ट्रात दुसरा एक प्रतापगड आहे. तो अगदी पूर्वेच्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहे. तिकडे जायचे तर सह्याद्रीकडे पाठ करून गोंदियाहून चांद्याकडे जाणारी गाडी धरावी आणि अर्जुनी स्टेशनावर उतरावे.

हा मुलूख झाडीपट्टीचा. नावातच झाडी आहे, आणि ती नावापुरती नाही. साग, येन, मोह, तेंदू आणि बांबू यांची दाटी थेट रस्त्याच्या कडेपर्यंत येते. दिवाळीच्या सुमारास धान पिवळे पडलेले असते, भाऊबीज सरली की गावोगाव मंडई भरू लागते आणि रात्री नाटकांचे पडदे उघडतात. प्रवासी पहाटे रानात हिंडून आला तरी रात्री त्याला झोप मिळेलच, याची खात्री कोणी देत नाही!

गड म्हणजे एक रानाने वेढलेली टेकडी. वाट झाडीतून चढते. पुण्या-मुंबईकडच्या कसलेल्या गडप्रेमीला ती अवघड वाटणार नाही. पण मोहाच्या दिवसांत या भागात अस्वले फिरतात आणि बिबट्याला कोणी वाट विचारत नाही, एवढे ध्यानात ठेवून एकट्यादुकट्याने आडरानात शिरू नये. गड गोंड राजवटीतला असे लोक मानतात. आज तेथे राजवाडा शोधू नका, तोफाही शोधू नका. पडक्या तटाचे दगड, त्यांत रुजलेली झाडे आणि मोकळा वारा, एवढीच त्याची शिल्लक.

पण गड ओस नाही. येथे महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या खेड्यांतून माणसे येतात, महादेवाला हात जोडतात आणि त्यांतली कित्येक जण त्याच फेरीत दर्ग्यावरही माथा टेकतात. यात काही विशेष आहे असे कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. मला विशेष वाटले ते त्याचेच.

वरून दक्षिणेकडच्या रानावर नजर टाकीत मी बसलो होतो, तेव्हा बरोबरचा म्हातारा वाटाड्या म्हणाला, "गड पायला ना? आता आमचं पानी पाहा."

त्याचे म्हणणे खरे होते. या मुलखाचा इतिहास वाचायचा तर तो पाण्यावर वाचावा. जवळच नवेगावबांध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने डोंगरांमधल्या खिंडी बांधून काढल्या आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव उभा केला. भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाला पुढे लोकांनी देव केले, कोलासुर. राजांची देवळे पुष्कळ पाहिली. पण तलाव बांधला म्हणून देव झालेला पाटील मी येथेच पाहिला.

कोहळ्यांची ही विद्याच होती. पाणी कोठून येते, पाळ कोठे घालावी, कोठून पाणी सोडले म्हणजे शेवटच्या बांधीपर्यंत पोचते, हे त्यांनी दुर्बिणीवाचून ओळखले. त्यांच्या हातचे लहानमोठे तलाव आणि बोड्या भंडारा-गोंदियाच्या अंगावर मुठीने उधळल्यासारख्या पसरल्या आहेत. धानाचे पीक त्यांच्यावर उभे राहिले. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते तलाव 'माजी मालगुजारी' झाले. लोकांनी त्याचे गोड रूप केले, मामा तलाव! पण मामाचे लाड पुढे कोणी पुरवले नाहीत. मालक गेला आणि काळजी कोणी करायची हे ठरायचे राहून गेले. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरमाची झुडपे माजली. त्यांच्यावर जगणाऱ्या ढिवरांची जाळी रिकामी येऊ लागली. गडाचा तट ढासळला तर एक दृश्य जाते. तलावाची पाळ फुटली तर गावाचे जेवण जाते.

सुदैवाने नवेगावचे पाणी अजून भरलेले आहे. त्याच्या भोवतीचे रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ साली ते नागझिऱ्यासह व्याघ्रप्रकल्पात गेले. मारुती चितमपल्लींनी येथे वनाधिकारी म्हणून काढलेल्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि कितीतरी मराठी वाचकांना या पाण्याची ओढ लावली. पहाटे गाडीतून रानात जावे, गवे पाहावेत. वाघ दिसला तर नशीब म्हणावे, न दिसला तर त्याने आपल्याला पाहिले असेल असे समजावे. धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली, तर मात्र गाडी लांबच थांबवा. राज्यात हा पक्षी आता मुख्यतः याच बाजूच्या मोजक्या जोड्यांनी टिकवला आहे, आणि त्यांची घरटी शेतकऱ्यांच्या शेतांत असतात. शेतकऱ्याने सांभाळले तरच सारस राहणार.

हिवाळ्यात तलावावर हिमालयापलीकडचे पाहुणे पक्षी उतरतात. तशीच हिमालयापलीकडची माणसेही प्रतापगडाच्या परिसरात आहेत. गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासून ती येथे नांदते आहे. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाच्या बाजूने जाताना सागाच्या रानात एकाएकी रंगीत पताका फडफडताना दिसतात, बुद्धमंदिराचे छत दिसते, आणि प्रवासी क्षणभर दिशाच विसरतो. थंडीत नागपूरच्या बाजारात लोकरी कपडे विकणारी तिबेटी मंडळी आपण पाहतो. त्यांतल्या कित्येकांना घर म्हणजे विदर्भातलेच एखादे ठिकाण आठवते. पक्षी उन्हाळा लागताच परत जातात. या माणसांच्या दोन पिढ्या येथेच म्हाताऱ्या झाल्या.

साहस म्हणून डोंगर चढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे पाहून यावे. हिमालय ओलांडून जीव वाचवणे हे साहस; अनोळखी उकाड्यात मक्याचे आणि धानाचे शेत उभे करणे हेही साहस; आणि खिंडीत दगडमाती टाकून तीनशे वर्षे टिकणारे पाणी अडवणे, हे तर त्याहून मोठे.

जायचे असेल तर पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान जावे. बूट मजबूत घ्यावेत, पाणी बरोबर ठेवावे, वाटाड्या गावातलाच घ्यावा. गडावर एक सकाळ पुरेल. उरलेला वेळ एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर घालवावा, आणि पाळीवरून जाणाऱ्या माणसाला एवढेच विचारावे, "यंदा पाणी कसे आहे?" मग ऐकत बसावे. गाडी चुकेल, पण चुकू द्यावी.