सोपारा ते त्रिरश्मी : मोखाड्याच्या वाटेवर एक दिवस

नालासोपाऱ्याच्या स्तूपापासून नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांपर्यंत पायी जायचे आणि २ मार्चला, म्हणजे १९३० साली ज्या तारखेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्या दिवशी, लेण्यांत बुद्धवंदना घ्यायची, असे ठरले होते. तिघेजण सोबत येणार होते. एकाला रजा मिळाली नाही, एकाच्या घरी लग्न निघाले, तिसऱ्याच्या गुडघ्याने जबाब दिला. आम्ही एकटेच निघालो.

ही वाट नवसाची नव्हे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, त्याच गावी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलीला जात, अशोक मात्र धम्मयात्रेला निघाला, हाच त्या लेखाचा विषय! सोपाऱ्याहून नाशिककडे जायला घाटवाटा अनेक. आम्ही जव्हार-मोखाड्याची धरली.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला जव्हार सोडले. मोखाडा तेथून वीस-पंचवीस किलोमीटर. कागदावर हे अंतर काहीच नाही, पण रस्ता सारखा चढतो, उतरतो, वळतो. सागाची पाने गळालेली, पळस फुललेला, उतारावर कुठे राब भाजल्याचा धूर. नऊपर्यंत चाल झकास होती. अकरा वाजता जवळच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या. वाटेतली टपरी बंद होती. डांबर तापले, टाचेला फोड आला आणि डाव्या पोटरीत असा गोळा आला की आंब्याखाली आडवे व्हावे लागले. माणसाची चाहूल नाही. खरे सांगायचे तर भीती वाटली.

तासाभराने लंगडत एका पाड्यावर गेलो. निम्म्या घरांना कुलपे. माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. एक वारली बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन खालच्या विहिरीवरून चढून येत होती.

"मावशी, पाणी मिळेल का?"

तिने हंडा उतरवला, घरातून पेला आणला आणि भरून दिला. "त्र्यंबकला का दादा? दिंडी तर पौषातच गेली."

"नाही, बुद्धाच्या लेण्याला. नाशिकला."

"एकलेच?" एवढेच तिने विचारले. जात विचारली नाही, पेलाही वरून धरला नाही. दुसरा पेला तिने आपणहून भरला. तो आम्ही अर्धाच घेतला, कारण ती विहीर किती खाली आहे ते डोळ्यांना दिसत होते.

या तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो. मुंबईसाठी बांधलेले मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात कोचाळ्याला आहे. मुंबईच्या चाळीतल्या नळाला जे येते त्यात या डोंगरांचे पाणी आहे, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. सोपारा आणि गोवर्धन येथे धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या, असे त्यात कोरले आहे. त्या नद्यांत डहाणूच्या नदीचेही नाव आहे. ब्राह्मणांना दिलेल्या लाखो गाईंचा हिशेबही तो तिथेच सांगतो, म्हणून आम्ही त्याला फार डोक्यावर घेत नाही. पण वाटसरूला पाणी लागते हे त्याला कळत होते!

दुपारी एसटी शेजारी थांबली. "काका, बसा, पाय ओढताय," कंडक्टर म्हणाला. क्षणभर मन डळमळले. हात जोडून नको म्हटले. मग पुढचे सगळे अंतर किलोमीटरचे दगड मोजत काढले. दोन दगडांमध्ये एकदा त्रिशरण, एकदा पंचशील, एकदा विश्रांती.

सहा वाजता मोखाडा आले. ओळखीच्या एका शिक्षकांच्या खोलीवर "जयभीम" झाला. त्यांनी गरम पाण्यात मीठ घालून घमेले पुढे ठेवले. नाचणीची भाकरी, उडदाचे वरण. पुढचा टप्पा मोरचोंडीवरून तोरंगणच्या घाटाने त्र्यंबकचा, याहून मोठा.

कुणाला निघायचे असेल त्यांनी माणशी चार लिटर पाणी घ्यावे, पहाटे चारलाच जव्हार सोडावे, आणि पाड्यावर पाणी मागाल तर मुलांसाठी वह्या-पेन्सिली जवळ ठेवाव्यात. आम्ही उरलेल्या चार पेन्सिली तेथे दिल्या.