काचेचं दार परसाकडे

पुणे

ती. स्व. दादास,


वीटकाम खिडकीच्या तळापर्यंत आलं, हे वाचून आनंद झाला. वहिनींना काचेचं दोन झडपांचं दार हवंय, दुकानदार ज्याला फ्रेंच डोअर म्हणतात ते, आणि तुझ्या मते ते रस्त्याकडच्या भिंतीत, बैठकीच्या खोलीला बसवावं. तू माझं मत विचारलंस. मी इथे ज्या कार्यालयात काम करते तिथे दारं-खिडक्यांचे तक्ते करणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनींची मागणी अगदी योग्य आहे, दार जरूर बसवा. पण ते रस्त्याकडे नको, परसाकडे बसवा.

आधी या दाराचा गुण काय तो बघू. दोन्ही झडपा दोन बाजूंच्या चौकटीवर टांगलेल्या असतात आणि मध्ये खांब नसतो. दोन्ही उघडल्या की पाच फुटांची अख्खी जागा मोकळी होते. सरकत्या दाराला हे जमत नाही, त्याचा निम्मा भाग नेहमी काचेनं अडलेलाच राहतो. शिवाय आपल्याकडची धूळ त्याच्या खालच्या रुळात बसते आणि वर्षभरात दार ओढायला दोन्ही हात लागतात. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की घरात वारा खेळवायला अशा पूर्ण उघडणाऱ्या दारासारखा उपाय नाही. लग्नकार्यात घर आणि अंगण एक होतं. दार बंद असलं तरी उजेड पार जमिनीपर्यंत येतो. या गुणांसाठी ते घ्यायचं, रस्त्यावरून दिसावं म्हणून नव्हे.

हे दार ज्या मुलखातून आलं तिथली गरज वेगळी होती. फ्रान्समध्ये जमिनीपर्यंतच्या खिडक्या आधी राजवाड्यांत आल्या. व्हर्सायचं आरसेमहाल म्हणून प्रसिद्ध असलेलं दालन १६८४ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या सतरा कमानदार खिडक्या बागेकडे आहेत आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर तितक्याच आरशांच्या कमानी. बाहेरचा प्रकाश आत ओढून घ्यायचा आणि दुप्पट करायचा, असा तो सगळा खटाटोप. पुढे तिथल्या सरकारनं घराच्या दारं-खिडक्यांवर करच बसवला, तो १७९८ पासून १९२६ पर्यंत चालला. उजेड ही त्या थंड देशात पैसे मोजून घ्यायची वस्तू होती. पॅरिसचा अक्षांश ४९ अंशांच्या जवळ, आपलं गाव नांदूरघाट १९ अंशांच्याही आत. तिथे ऊन घरात यावं म्हणून धडपड आणि इथे उजेड आत घेऊन ऊन बाहेर ठेवायची.

म्हणूनच हे दार उष्ण मुलखात आलं तेव्हा एकटं आलं नाही. पुदुच्चेरीच्या फ्रेंच वस्तीतली जुनी घरं बघ, काचेच्या किंवा साध्या झडपेबाहेर तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडप, म्हणजे झिलमिली, असते. ती मिटली की ऊन अडतं आणि वारा येत राहतो. गोव्याच्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांत तर काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं लाकडी पट्ट्यांत बसवलेली दिसतात. त्यांतून येणारा उजेड मऊ असतो आणि डोळ्यांवर येत नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींतही उंच दोन झडपांच्या खिडक्यांना झिलमिली असायच्या. आजच्या जाहिरातींत मात्र हा सोबती वगळून नुसती काच दाखवतात.

आता आपल्या जागेचं. रस्ता पश्चिमेला आहे. पाच बाय सात फुटांच्या दारातून चौकट वजा केली तर साधारण अडीच चौरस मीटर काच उरते. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट ऊन पडतं, आणि साधी पांढरी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे बैठकीत रोज संध्याकाळपर्यंत हजार वॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखं झालं. वर छज्जा काढून उपयोग नाही, कारण त्या वेळी सूर्य खाली उतरलेला असतो आणि छज्ज्याखालून थेट आत येतो. पडदा लावला तरी ऊन काच ओलांडून आलेलंच असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच अडवायला हवं. दुहेरी काच घ्या, असं दुकानदार सांगेल. दोन काचांमधली कोरडी हवा बाहेरच्या गरम हवेची झळ कमी करते हे खरं, पण काचेवर ऊन परतवणारा खास लेप नसेल तर उन्हाचे किरण दोन्ही काचांतून आत येतातच. सावलीचं काम महागडी काच करत नाही.

परस पूर्वेला आहे. तिथे सकाळचं कोवळं ऊन येईल. हिवाळ्यात ते हवंच असतं आणि उन्हाळ्यातही सूर्य वर चढला की सहा फुटांची पडवी ते अडवते. पावसाळ्याचा मुख्य वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या दारावर झडही कमी बसते. परतीच्या पावसासाठी आणि वळवासाठी पडवी आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. काच छताखाली चार-सहा फूट आत असणं हा तिच्यावरचा पहिला बंदोबस्त.

पण दिशेपेक्षाही मोठं कारण मला वेगळंच वाटतं. आपल्याकडची जुनी घरं आठव. माळवदाखाली दीड-दोन हात जाड भिंती, उन्हाळ्यात गारवा, चोराचिलटाचं भय कमी. त्या बांधणीत शहाणपण होतं. पण उजेडाची वाटणी त्यात सारखी नव्हती. पुढे ढाळज आणि ओसरी, तिथे वारा, उजेड आणि पुरुषांची बैठक. मागे सैपाकघर, तिथे चुलीचा धूर आणि माळवदात ठेवलेल्या साण्यातून पडणारा एक कवडसा. आईचं सगळं आयुष्य त्या कवडशाभोवती गेलं. ती ज्वारी निवडायची ती उंबऱ्याजवळ बसून, कारण तेवढ्याच जागी खडा दिसायचा. आज नवीन घरांतही तेच चाललंय. दर्शनी भिंतीला काच, टाइल्स आणि रोषणाई, आणि मागे सैपाकघराला दोन बाय तीनची खिडकी. वहिनींचा दिवस सैपाकघर, जेवायची जागा आणि परस या तीन ठिकाणी जातो. आई आता दिवसभर घरातच असते. काचेचं दार त्यांच्या वाट्याला यायला हवं. जेवायच्या जागेतून पडवीत उघडणारं दार असेल तर आईला खाटेवरून परसातला लिंब दिसेल, धान्य वाळत घालताना आत-बाहेर करणं सोपं जाईल आणि चारची वेळ सावलीत निघेल.

भिंतीत एवढी मोकळी जागा ठेवताना किल्लारीचा भूकंप विसरू नकोस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली सापडली. तू विटांचं घर बांधतोयस, तरी नियम पाळायचेच. दार कोपऱ्यापासून किमान दोन फूट आत घे. त्या भिंतीतली सगळी दारं-खिडक्या मिळून रुंदी भिंतीच्या लांबीच्या निम्म्याच्या आत ठेव. लिंटेलचा काँक्रीट पट्टा फक्त दारावर टाकून थांबू नकोस, तो सगळ्या भिंतींवरून सलग फिरव. मिस्त्री म्हणेल की एवढं कशाला. त्याला हेच सांग की एकदा छत टाकलं की हे करता येणार नाही.

चौकट कशाची, हा पुढचा प्रश्न. ॲल्युमिनियम सडत नाही, वाळवी लागत नाही, पण त्यातून उष्णता लाकडाच्या जवळपास हजारपट वेगानं वाहते. यूपीव्हीसी झळ अडवतं आणि त्याला रंगाची गरज नसते. मात्र आत पोलादी पट्टी घातलेलीच घ्यावी लागते, नाहीतर उन्हानं आणि काचेच्या वजनानं झडप झुकते. सागवान सगळ्यांत चांगलं. बल्लारशाचं सागवान तर २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. पण नवं सागवान विकत घ्यायची आपल्याला गरजच नाही. जुनं माळवद उतरवलं तेव्हाच्या तुळया गोठ्यात रचून ठेवल्या आहेत. त्यांतल्या सागवानी निवडून घे. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता पिळणार नाही, आणि नव्या दाराला हाच गुण सगळ्यांत जास्त लागतो, कारण मधोमध भेटणाऱ्या दोन झडपांत एक जरी वाकली तरी फट पडते. करवतीवर नेण्याआधी खिळे काढून घे, टोकं ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग कापून टाक आणि वाळवीचं औषध पाजून घे. चौकटीचा जो भाग भिंतीत जातो त्याला ते औषध विसरू नकोस.

काच कुठली? मराठी माणसाचा काचेशी संबंध जुना आणि अभिमानाचा आहे. लोकांकडून पैसा-पैसा जमवून अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोचला. पण कंदिलाची काच फुटली तर बोट कापायचं, दाराची फुटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून साधी काच घेऊच नकोस. टफन्ड काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत असते आणि फुटलीच तर बोथट बारीक तुकडे होतात. तिच्या कोपऱ्यात कारखान्याचा न पुसणारा शिक्का असतो, तो नसेल तर परत पाठव. ती एकदा तयार झाली की कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून माप चौकट उभी राहिल्यावर आणि फरशी बसल्यावरच द्यायचं. चोरीची काळजी असेल तर लॅमिनेटेड घे. तिच्यात दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा असतो आणि तडे गेले तरी ती जागेवरून सुटत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि गल्ल्या ओस पडतात, तेव्हा हा विचार करावाच लागतो. पुढचं मुख्य दार मात्र भरीव लाकडाचंच ठेव, कडी-कोयंड्यासकट.

सहा मिलीमीटर काच चौरस मीटरला पंधरा किलो भरते. एक झडप तीस-पस्तीस किलोची होईल, म्हणून प्रत्येक झडपेला चार बिजागऱ्या लाव, तीनवर भागवू नकोस. झडपा पडवीत, बाहेरच्या बाजूला उघडू दे. त्यामुळे वादळी वारा त्यांना चौकटीवर घट्ट दाबतो आणि आतली जागा अडत नाही. मग बिजागरीची पिन बाहेरून काढता येणार नाही अशीच घ्यावी लागेल. उघड्या झडपा वावटळीत आपटू नयेत म्हणून भिंतीला हुक बसव. एक झडप रोजच्या वापराची आणि दुसरी वर-खाली टॉवर बोल्टनं बंद राहणारी असते. खालच्या बोल्टचं भोक मातीनं भरतं आणि मग बोल्ट बसतच नाही, ते सहज साफ होईल असं कर. जिथे झडपा मिळतात तिथे पूर्ण उंचीची पट्टी हवी. आतल्या बाजूनं डासांच्या जाळीची वेगळी दोन दारं कर, ती मात्र आत उघडणारी. उंबरठा काळ्या दगडाचा, जेमतेम एक इंच उंच आणि बाहेर उताराचा असू दे. आईला पाय उचलावा लागणार नाही आणि पाणी आत येणार नाही. झडपेच्या खालच्या कडेला रबराची पट्टी लाव, म्हणजे विंचवाला वाट राहणार नाही. पडवीच्या पुढच्या कडेला झिलमिलीची घडीची झडप केलीस तर उत्तम. ते नंतर करायचं असेल तर निदान बांबूची चिक टांगायला आत्ताच आकडे बसवून घे.

आता माझी विनंती. लिंटेलचं सेंट्रिंग बांधायच्या आधी वहिनींना आणि आईला जागेवर घेऊन जा आणि दार नेमकं कुठे यावं हे त्यांनाच ठरवू दे. पूर्वेच्या भिंतीत चौकटीसकट पाच फूट रुंद, सात फूट उंच जागा सोड. चौकट केजच्या सुताराकडून करून घे, काचेचं कोटेशन आलं की मला पाठव, मी तपासून देते. पैसे कमी पडले तर बैठकीतलं फॉल्स सीलिंग रद्द कर, पण परसाच्या दारात काटकसर करू नकोस.

आईला आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण