आळीतला क्रूस

वसईच्या वाड्यांत वाढलेली आमची पिढी पत्ता सांगायची तो क्रुसावरून. क्रुसापासून डावीकडे वळा, बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, लागेल, त्याच्या अलीकडचं घर. चर्च लांब होतं आणि ते फादरांचं होतं. क्रूस मात्र आळीचा. त्याच्या ओट्यावर दिवसा चिंचा सोलल्या जात, भांडणं मिटत, शेतावरून आलेली माणसं टेकत. दिवेलागणीला तिथेच कुणीतरी मेणबत्ती लावी.

मे महिना म्हणजे तर आमची चंगळच. रोज संध्याकाळी क्रुसापाशी रोझरी आणि तिची एकेका घराकडे पाळी. पाळीच्या घरच्या मुली दुपारीच ओटा धुवायच्या आणि मोगऱ्याचे हार ओवायच्या. प्रार्थना घ्यायला फादर लागत नसत. लाल लुगड्यातली एखादी आजी पुढे व्हायची. मिस्सा मराठीत आली ती 1962 ते 1965 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर. त्याआधीच्या लॅटिन लितानीतलं एक अक्षर आम्हांला कळत नसे, तरी उत्तर कुठे द्यायचं ते चुकत नसे. शेवटी उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे मिळत, आणि मग फ्रॉकच्या ओच्यात कुणाला किती आले याची मोजदाद चाले.

1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं तरी इथली ख्रिस्ती माणसं इथेच राहिली. फादर मोजकेच उरले असताना धर्म घराघरांत टिकला. बायकांनी प्रार्थना चालवायची आमच्याकडची रीत तेव्हाचीच असावी, असं मला मनापासून वाटतं. तिकडे मुंबईच्या गावठाणांत अनेक क्रूस 1896 च्या प्लेगनंतर उभे राहिले. काही साथ टळावी म्हणून केलेल्या नवसाचे, काही वाचलेल्यांच्या कृतज्ञतेचे.

आमचं पहिलं धर्मशिक्षण आळीतल्या क्रुसाच्या दगडावरच झालं. जुन्या क्रुसांवर येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली असत: शिडी, हातोडा, पकड, खिळे, काट्यांचा मुकुट, पेत्राने नाकारलं तेव्हा आरवलेला कोंबडा. आजी आमचं बोट धरून एकेका चिन्हावर फिरवायची आणि ‘हे कशाला होतं?’ म्हणून विचारायची. हातोड्याच्या दांड्यावर टाकीचे घाव बोटाला लागायचे. चुन्याखालीही ते कळायचे, कारण चुना पातळ असे आणि तो खरवडून मगच नवा हात दिला जाई.

आता दर सणाला ऑइलपेंटचा नवा थर चढतो. कोंबड्याचा नुसता उंचवटा उरतो. कुठे चौथऱ्याला बाथरूमच्या टाइल्स लावतात आणि त्यामागे कोरलेलं नाव-साल कायमचं बुजतं. हे सगळं भक्तीपोटीच होतं, म्हणून बोलणं जड जातं. तरी पुढच्या वेळी वर्गणी काढाल तेव्हा आधी रंग उतरवणारा जाणकार शोधा. आणि ते काम चालू असताना आळीतल्या म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकून जवळ बसवा. कुठल्या थराखाली काय आहे, हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे.